माझी आई : सुधारलेली प्रत

सिग्नल लागला तशी बसच्या चालकबाई गाणं गुणगुणू लागल्या. पाठीमागच्या सीटवर दोन शिक्षिकांची टकळी चालूच होती.

“प्रशिक्षणातलं करून पाहिलंत? आधी मुलांनी मनातलं लिहायचं, मग आपण सुचवायचं, मग त्यांनी सुधारायचं.”

“पाहिलं तर! संशोधनानं सिद्ध झालंय म्हटल्यावर? ‘माझी आई’ विषय दिला. मनातलं काय लिहायचं, तेही फळ्यावर लिहून दिलं.”

“सगळ्यांनी लिहिलं?”

“एका पोरीनं आगाऊपणा केलाच. म्हणे, माझी आई बस चालवते आणि सिग्नलला गाणं म्हणते.”

“अगंबाई! मग?”

“मग काय, मी सुचवलं, तिनं सुधारलं. आता तिचीही आई दिवसभर घरीच असते.”

सिग्नल सुटला. बस निघाली आणि करकचून ब्रेक लागला.

“अहो बाई, तुम्हाला शिकवलंय तरी कुणी?” पाठीमागच्या सीटवरून एक शिक्षिका ओरडली.