सव्वापाचची एसटी

अगो, परवा दहावीच्या मुलींसाठी शाळेत मार्गदर्शन होतं, तिथली गंमत सांगते. रत्नागिरीहून आलेले सर सांगत होते, "कॉलेजात शाखा निवडताना फक्त आपली आवड बघा." आमच्या सईला सायन्सच हवं होतं. मी विचारलं, "सर, सायन्सची प्रॅक्टिकल्स किती वाजता संपतात?"

"साडेपाचला. आर्ट्सवाले मात्र दुपारी एकलाच सुटतात."

"आमच्या गावाची शेवटची एसटी सव्वापाचला सुटते."

सगळे हसले. सरही हसले. "ताई, एसटीसाठी कुणी मुलीचं भवितव्य अडवतं का?"



घरी सईने फॉर्म भरला आणि आर्ट्सवर खूण केली. मी म्हटलं, "बाळा, आवड बघायला सांगितलंय ना सरांनी?"

"बघितली ना, आई. दुपारी एकला सुटणारी आवड बघितली."