हिरव्या रेघेची सुरळी

माझं दोन मिनिटांचं काम. पण ओहायोतल्या आमच्या गावच्या बँकेत खिडकी एकच, आणि माझ्यापुढे व्हर्लिन म्हातारा, बायको ऑपल गेल्यापासून एकटाच येणारा. खिडकीपलीकडे लोरेटा.

“पेनी नाण्यांच्या कागदी सुरळ्या दे, पोरी. हातानं गुंडाळलेल्या.”

“जुनी नाणी हवीत तर मशीनच्या घ्या की. हातच्यांतलं लोकांनी आधीच वेचलेलं असतं.”

“असू दे.”

“आणि इथून कशाला नेताय? तुम्ही नि ऑपल तर शेजारच्या गावातून आणायचात, जुनी नाणी वेचून झाली की पुन्हा गुंडाळून इथे भरायचात. ‘भरतो तिथून घेऊ नये, आपल्याच परत येतात,’ हे तुम्हीच मला शिकवलंत.”

“म्हणून तर आलोय.”

“धन्य आहे! घ्या, एवढ्याच आहेत.”

“ही नको. हीपण नको. ही... ही बघ, हिच्या कागदावर हिरवी रेघ आहे.”

“कसली ती?”

“निवडून झाली की ऑपल ओढायची. हिरवी पेन्सिल कानामागे असायची तिच्या.”

“हो, बँकेतही तशीच यायची.”

“यायची ना?”

“फोडा मग इथेच. एखादी गव्हाच्या ओंब्या छापलेली जुनी पेनी राहून गेली असेल.”

“फोडायची कशाला? आत काही नाही. ऑपलनं बघितलंय.”