हापसेवाल्या मामांचा डावा हात

सगळ्यांना जयभीम. मंडळी, उन्हातून आलात, बसलात, बरं वाटलं. मला भाषण येत न्हाई. अंगणवाडीत लेकरांपुढं बोलले, तेवढंच. पण आज या शोकसभेत दुसरं कुणी उठलं तर आमच्या मालकांबद्दल, तुमच्या हापसेवाल्या मामांबद्दल, चांगलंच बोलंल. जे चुकलं ते मलाच सांगावं लागंल.

लातूर जिल्हा नवा झाला, त्यात दुष्काळ. तवा हे मुरुडच्या आसपास गावोगाव हापसे दुरुस्त करत हिंडायचे. गावकरी सांगायचे, "वायसर गेलंय, पाइप फुटलाय." हे म्हणायचे, "जरा गप बसा." मग दांडा हळूहळू खाली-वर करायचे. कुठं अडकतंय ते हाताला कळायचं.

म्हातारपणी कंपवात आला. त्यातच इसर पडला. चेहरा असा झाला की हसू न्हाई, रडू न्हाई. "दुखतं का?" विचारलं की "न्हाई." "भूक लागली का?" तरी "न्हाई."

आंघोळीला बसवलं की डावा हात आखडून घ्यायचे, तांब्या ढकलायचे. मला काय वाटलं? पाणी वाचवायलेत! जन्मभर अर्ध्या बादलीत आंघोळ केलेला माणूस. मी शेजारणीला कौतुकानं सांगायचे, "बायकोचं नाव इसरले, दुष्काळ न्हाई इसरले." आम्ही हसायचो. अन् त्यांना म्हणायचे, "अहो, आता नळ हाय, नखरे करू नका." हात ओढून पाणी घालायचे. रोज. आठ महिने, रोज.

एकदा दवाखान्यातल्या सिस्टर घरी आल्या. त्यांनी काही विचारलंच न्हाई. यांचा हात हळूहळू वर नेला अन् बघत राहिल्या. चेहरा तसाच. पण श्वास थांबला. पायाची बोटं आखडली. सिस्टर म्हणाल्या, "मावशी, खांदा लई दुखायलाय यांचा. नुसतं तोंडाला विचारू नका, अंगाकडं बघा." डॉक्टरांनी गोळी दिली. तिसऱ्या दिवशी यांनी तांब्या ढकलला न्हाई. मी मोरीतच बसून रडले.

मंडळी, त्या आठ महिन्यांत तुमच्यातलं कोण आलं होतं? रागानं विचारत न्हाई. खरं सांगू? थोडं रागानंच विचारायले. "आता ओळखत न्हाईत, येऊन काय करू?" म्हणालात. पोरगा पुण्यात. घरात आम्ही दोघंच, त्यातलं एक मुकं. अजून कुणी येऊन बसलं असतं, तर त्याला तरी दिसलं असतं. आजही सकाळी मी दोन माणसांचं पाणी तापवलं. मग एकलीच बघत बसले त्याच्याकडं.

उठा आता. दोन मिनिटं गप उभं राहू. पण डोळे मिटू नका. त्यांच्या फोटोकडं बघा. मी आठ महिने बोलत होते, बघत नव्हते.

अहो, आज तुम्हाला कुणी काही विचारणार न्हाई. मी नुसती बघणार हाय.