लाल पेंट लावलेले सहा तुकडे

हसू नका, चूक माझीच होती. दस्तगीरचाचांना मी आधी सांगायला हवं होतं. साखर कारखान्याच्या जुन्या शाफ्टचं पोलाद तडा गेल्यावर किती तग धरतं, हे आम्हाला कॉलेजच्या लॅबमध्ये मोजायचं होतं. मोठा तुकडा कापला तर शाफ्टच निकामी, म्हणून कसेबसे नखाएवढे सहा तुकडे मिळाले होते. या मोजणीत प्रत्येक तुकड्याला आधी मुद्दाम केसाएवढा तडा पाडावा लागतो. तो आम्ही मशीनवर पाडला आणि बाजूंना बारीक खाचा मारायला तुकडे इस्लामपूरला चाचांच्या वर्कशॉपमध्ये पाठवले.

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन. "मॅडम, माल समदा रिजेक्ट हाय. सहाच्या सहा तडकल्यात. लाल पेंट मारून भंगारात टाकल्यात."

मी धावतच गेले. भंगाराच्या डब्यातून तुकडे वेचले. "आवं चाचा, तो तडा आम्हीच पाडलाय! आणि तुम्हाला दिसला कसा? आम्हाला सूक्ष्मदर्शक लागतो!"

"मुद्दाम पाडलाय?" जणू मी नवंकोरं भांडं आपटून फोडलं होतं, तसे चाचा माझ्याकडे बघत राहिले. मग थिनरनं रंग पुसून त्यांनी एकेक तुकडा उजेडात फिरवून पाहिला. पाच ठेवून घेतले, सहावा मला परत दिला.

"हा का नको?"

"पाडायचाच हुता तर नीट तरी पाडायचा. ह्यो एका अंगाला लांब गेलाय."

लॅबमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली धरला. चाचांचं खरं होतं, आणि असा तिरका तडा चाचणीला चालत नाही.

या वेळी लाल पेंट मीच लावला.