दोन नंबरचा चौकोन

—नाही, नाही, बोलायचा प्रयत्नसुद्धा करू नका, ताई. वरचे आणि खालचे दात तारेनं बांधलेत, सहा आठवडे तोंड उघडायचं नाही, हे डॉक्टरांनी सांगितलंय ना? सांगितलंय. मग झालं तर. आधी हे कटर गळ्यात अडकवा — हो, गळ्यातच, पर्समध्ये नाही. उलटी आली आणि तोंड उघडलं नाही तर जीव गुदमरतो, तेव्हा ही तार कापायची, इथे आणि इथे. घरातल्या एका भरवशाच्या माणसाला शिकवून ठेवा म्हणतात. आहे ना कोणी? — बरं, राहू दे. तुम्हाला कळलं म्हणजे पुरे.

आता हा फॉर्म. पाच चौकोन आहेत, बोट ठेवायचं फक्त. एक, रस्त्यावरचा अपघात. दोन, पडणे. तीन, खेळताना. चार, दुसऱ्या माणसाने मारणे. पाच, इतर. घाई नाही — म्हणजे आहे, घाई आहे, तुमच्या सासूबाई औषधं घेऊन वर येईपर्यंतच वेळ आहे. का ते सांगते. इथे खाली बारीक अक्षरात काय छापलंय बघा: रुग्ण बोलू शकत नसल्यास सोबतच्या नातेवाइकाचे म्हणणे धरावे व त्यांची सही घ्यावी. आता जबडा मोडलेलं माणूस बोलणार कसं? पण ज्यानं फॉर्म छापला त्याला काय त्याचं, त्यानं हाताला, पायाला, तोंडाला, सगळ्याला एकच फॉर्म छापला. सोबत कोणी नसेल तर मात्र बोट चालतं. औषधांच्या खिडकीवर वीसेक माणसांची रांग आहे, मी मुद्दाम वाकून बघितली. तर ठेवा बोट.

दोन. पडलात. कुठे, बाथरूममध्ये? बरं. — तळहात दाखवा जरा. दोन्ही. एक ओरखडा नाही. अहो, पडणारं माणूस हात पुढे टाकतं, मनगट सोलतं, गुडघे फुटतात. तुमचं मोडलंय ते इथे, डाव्या कानाखाली, आणि दंडावर ही चार बोटं उमटलीत — झाकू नका, मी काही पोलीस नाही. मी लिहिणारी बाई आहे. अकरा वर्षं या खुर्चीत बसून लिहितेय. तुम्ही बोट ठेवलंत, मी अजून लिहिलेलं नाही. पेन बंद आहे, बघा.

तुम्हाला वाटत असेल, हिला काय करायचंय. मलाही वाटायचं, कागदच तर आहे. पण हा कागद इथे थांबत नाही हो. इथून जिल्ह्याला जातो, तिथून राजधानीला, आणि तिथून म्हणे सगळ्या जगाची मोजणी होते — कोणत्या देशात किती जबडे मोडले, किती नाकं, किती गालांची हाडं, आणि कशानं. आमच्या तरुण डॉक्टरांनी एकदा कॉम्प्युटरवर नकाशा दाखवला मला. मोठ्या कौतुकानं म्हणाले, बघा मावशी, यात तुमचं अक्षर आहे. खरंच होतं. आमचा सगळा भाग पडण्याच्या रंगात रंगवलेला. आमच्याकडे माणसं पडतातच फार! मी हसले, तेही हसले. कारण या मजल्यावर सगळ्यांना माहीत आहे. लिहायची वेळ आली की कोणालाच माहीत नसतं.

आणि मग त्या नकाशाचं काय झालं, सांगू? ही शेजारची खोली दिसते, कुलूप लावलेली? तिथे एक बाई बसायच्या. दाराला पडदा, आत दोन खुर्च्या, एक पाण्याचा तांब्या. कोणाला काही सांगायचं असेल तर तिथे जाऊन सांगायचं, त्या ऐकून घ्यायच्या, कुठे राहायची सोय बघायच्या, वकील गाठून द्यायच्या. दोन वर्षांपूर्वी वरून पत्र आलं की या रुग्णालयात मारहाणीचे रुग्ण नगण्य आहेत, सबब हे पद ठेवण्याची गरज नाही. नगण्य. मी शब्दाचा अर्थ विचारून घेतला, आधी मला नीट कळला नव्हता. बाईंना दुसरीकडे पाठवलं आणि त्या खोलीत आता रबरी मॅट ठेवल्यात. हो, मॅट! बाथरूममध्ये घालायच्या. इतकी माणसं पडतात म्हटल्यावर सरकारनं मॅट दिल्या. घरी जाणाऱ्या प्रत्येकाला एक. तुम्हालाही मिळेल.

म्हणजे ती खोली मीच बंद केली, या पेनानं. कोणाचं वाईट व्हावं म्हणून नाही हो. आलेली बाई 'दोन' म्हणते, सोबतचा माणूस 'दोन' म्हणतो, मग मी कोण मध्ये बोलणारी? त्यांना त्याच घरी जायचं असतं. मला वाटायचं, मी झाकून ठेवतेय म्हणजे त्यांच्यावर उपकारच करतेय. मग एकीची सून आली. माझ्या ओळखीच्या एका बाईची. गालाचं हाड आत गेलेलं, एक डोळा पूर्ण बंद. चांगल्या घरातली, बरं का. नवरा शांत, व्यसन नाही, कशाचं काही नाही. चष्म्याचं दुकान आहे त्याचं. दिवसभर लोकांच्या चेहऱ्यावर चष्मे बसवतो, कानामागे बोट फिरवून बघतो, प्रत्येकाला विचारतो, टोचत नाही ना? लहान होता तेव्हा माझं डोकं दुखलं की असंच —

— हं. माझंच. बोलून गेले ना. आता काय लपवायचं, तुम्ही कोणाला सांगणार आहात?

माझा मुलगा आहे तो. एकुलता एक. आणि ती सून माझी. पानात मीठ वाढलं नाही म्हणून झालं. आता तुम्हाला वाटेल मी पदरचं सांगतेय, पण खरंच तेवढंच होतं, मीठ. मी समोरच बसले होते, माझ्या हातात घास होता. मी उठले नाही. का उठले नाही, ते मला अजून कळत नाही. सगळं झाल्यावर उठले आणि तिला रिक्षात घालून इथेच आणली, माझ्याच रुग्णालयात, म्हटलं ओळखीनं लवकर होईल. आणि लवकर झालं. याच टेबलाशी, तू बसलीयेस ना बाळ, त्याच खुर्चीत ती बसली होती. तिचं तोंड सुजून बंद. तिनं हातानं खूण केली, पेन द्या म्हणून. मी म्हटलं, अगं, तू कशाला त्रास घेतेस, टेक जरा मागे. पेन दिलं नाही मी तिला. नातेवाइकाचे म्हणणे: पडली. नातेवाइकाची सही, माझी. फॉर्म भरणाऱ्याची सही, तीही माझीच. एका कागदावर माझ्या दोन सह्या, आणि कोणी विचारलं नाही. वर तिला मॅट दिली मी. आमच्या बाथरूममध्ये आहे ती, हिरवी. रोज तिच्यावर पाय देऊन अंघोळ करते.

तेव्हा ती खोली उघडी असती तर मी तिला नेलं असतं का आत? नेलं असतं म्हणावंसं वाटतं. पण नसतं नेलं. खोटं कशाला बोलू.

ती घरीच आहे अजून. मला वेळेवर चहा देते, गोळ्या काढून ठेवते. आई म्हणायची ना, ते बंद केलंय. काही म्हणतच नाही, कप ठेवते आणि जाते. गालाचं हाड जुळलं, पण जरा खालीच बसलं, त्यामुळे चष्मा एका बाजूला उतरायचा. तर यानं काय करावं? तिला समोर बसवलं, चष्म्याची दांडी गरम करून वाकवली, पुन्हा पुन्हा लावून बघितली, आणि विचारलं, टोचत नाही ना? मी स्वयंपाकघरातून ऐकलं. ती नाही म्हणाली.

म्हणून तुला सांगतेय. मला त्याला काही बोलता येत नाही, तिला काही बोलता येत नाही, ते जुने कागद तर कुठल्या कुठे गेले, त्या नकाशात मुरले. माझ्या हातात हा एकच कागद आहे. त्या दिवसापासून आठ महिने मी वाट बघतेय, की कोणीतरी एकटी सापडेल, सोबत कोणी नसताना. एकदा चार नंबर लिहिला की तो पुसता येत नाही, पोलिसांना कळवावंच लागतं, आणि त्यांची बाई वॉर्डात येते. मग तुला आज घरी पाठवता येणार नाही कोणाला. कळतंय ना? आजच्या आज. ठेव बोट. घाबरू नकोस — घाबर, पण ठेव. मी लिहिते, शिक्का मारते, मग कोणाच्या बापाला —

हां. चार. चारच ना? बोट तिथेच असू दे. पेन कुठे गेलं माझं — इथेच होतं की — बोलत काय बसले मी एवढी —

— या. या ना, सासूबाई ना तुम्ही? बसा. मिळाली सगळी औषधं? रांग मोठी होती ना? ... अच्छा, पुढे घेतलं तुम्हाला. नाही, काही नाही, असंच आपलं, कटर कसं वापरायचं ते सांगत होते ताईंना. फॉर्म तेवढा राहिलाय. तर — कशानं लागलं म्हणायचं?

... हो. बाथरूममध्ये. हो, होतं असं. ओलं असतं.

सही करा इथे, नातेवाइकाच्या रकान्यात. पूर्ण नाव. खाली माझी असते. ... अहो, नजर कशाला चुकवताय, मी कुठे काही म्हणतेय. आणि ही मॅट घेऊन जा, फुकट आहे, दाराच्या बाजूला घाला.

ताई, बोट काढा. — तुम्हालाच म्हणतेय, बोट उचला कागदावरून. मला शिक्का मारायचाय.