पनीर खाणारं झाड

न्हाई गं हर्षाली, परत मागणार न्हाई मी, लिहून देऊ का तुला? तिन्ही कुंड्या ने. लोणीला तुमच्या गोठ्यात माश्यांना काय तोटा — सुखात राहतील तिथं. तुझ्या आईला सांग, सज्जनकाकीनं दिल्यात, आणि तसलं झाड आता तिच्या घरात नको म्हणून दिल्यात. जोरात बोलते? मुद्दाम बोलते! जिन्याचं दार सताड उघडं कशापायी ठेवलंय मग? खाली दुकानात आमचे शेट गुळाच्या ढेपा फोडतायत ना — जाऊ दे की ऐकू. तोंडावर बोलायचं सोडलंय मी. आज आठवा दिवस. ताट वाढते, डोळ्यात औषधाचे थेंब घालते, पण 'वर बघा' सुदीक म्हणत न्हाई, हनुवटीला नुसतं बोट लावते. बघतात बिचारे वर. बिचारे कसले! म्हणायची सवय लागलीय.

बस, अशी खाली बस, नीट सांगते. हे झाड आणलं आमच्या सिद्धीनं, माझ्या थोरलीच्या, जागृतीच्या लेकीनं. पुण्याला झाडांचंच शिकते ती. म्हणाली, नानी, हे व्हीनस फ्लायट्रॅप, माशी बसली की पान मिटतं आणि खाऊन टाकतं. मी म्हटलं, अगं, कळंबात येऊन चाळीस वर्षं झाली, ह्या घरात कांदा-बटाटा आला न्हाई, पाणी गाळल्याशिवाय घोटभर कुणी प्यालं न्हाई, आणि तू खाटीक आणून ठेवतेस व्हय खिडकीत? पण तिचं तोंड एवढंसं झालं, मग ठेवलं. आणि ठेवल्यावर — काय सांगू तुला, जीव लागला. आतून कसं लाल, कडेला पापणीवानी केस. मनात आलं, झाडाचा का होईना, जीवच हाय, वळण लावलं तर का लागणार न्हाई? जुन्या मच्छरदाणीचा डेरा शिवला, वरून घातला, म्हणजे चुकून चिलट आत जायला नको. पावसाचं पाणी साठवलं, तेही गळण्यातून गाळून. आणि सकाळची सामायिक, आमची ध्यानाची बैठक, झाली की पनीरचा कण, मुगाएवढा, काडीनं आत सोडायचा. मिटायचं बरं का! टपकन् मिटायचं. नवी पानं आली. एकाच्या तीन कुंड्या झाल्या.

मग मी काय गप्प बसते? आमच्या जैन स्थानकात प्रवचनाला उभी राहिले, चाळीस बायकांसमोर सांगितलं — माशीखाऊ झाड आमच्या घरी पनीर खातं. महासतीजी, आमच्या साध्वी, हसल्या, म्हणाल्या, सज्जनबाई, भावना चांगली हाय. दोन पर्युषणं माझंच नाव सगळ्यांच्या तोंडी. मंचरवरनं बायका बघायला आल्या, फोटो काढून नेले. आणि हे, आमचे शेट, पुरुषांच्या बाजूला बसून मान डोलवत व्हते! मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. अशी, अशी डोलवत व्हते.

आणि करत काय व्हते ठाऊक हाय? दुपारी माझा डोळा लागला की वर यायचे, डेरा उचलायचे, माझं पनीर चिमट्यानं काढून टाकायचे आणि माशी ठेवायचे! मारलेली न्हाई हां, तेवढं खरं, त्यांच्या हातनं मुंगी मरायची न्हाई. दुकानाच्या काचेखाली मरून पडलेल्या गोळा करायचे. कळलं कसं? मोतीबिंदू काढायला जागृतीकडं गेले बारा दिवस. मी रोजच्यावानी पनीर देते, तर पानं काळी पडायला लागली. एक गेलं, दुसरं गेलं, पनीर आतच नासलं, वास सुटला. मला काय उमजेना. आणि रबर शोधायला त्यांच्या टेबलाचा खण उघडला, तर काडेपेटी. आत काड्या न्हाईत — माश्या. कापसावर ठेवलेल्या, नीट, ओळीनं. बाजूला चिमटा. मी तिथंच खाली बसले गं.

माशीचं दुःख न्हाई, हर्षाली. तुला वाटत असंल, काकी माशीसाठी रडते. अगं, संवत्सरीला आमी एकमेकांसमोर हात जोडतो. वर्षभरात कळत-नकळत मन दुखवलं असंल तर माफी मागतो — आधी नवरा-बायको, मग बाकीचं जग. दोन संवत्सऱ्या ह्या माणसानं माझ्यापुढं हात जोडले, 'मिच्छामि दुक्कडं' म्हणाले, आणि खणात काडेपेटी! 'नकळत' म्हणायला जीभ कशी उचलली? एकदा सांगायचं व्हतं, सज्जन, हे पनीरवर जगत न्हाई. मी काय केलं असतं? रडले असते, सिद्धीला परत दिलं असतं. पण न्हाई, मला मिरवू दिलं. चाळीस बायकांत हसं व्हायला सोडून दिलं. घरच्याच माणसानं. परवा पुन्हा संवत्सरी हाय आणि मी हात जोडणार न्हाई, सांगून ठेवते. ऐकलं का खाली!

असू दे. तू ने. फक्त त्याला जप, आता तीनच पानं धड राह्यलीत. बोअरचं पाणी अजिबात घालायचं न्हाई. आणि मेलेली माशी नुसती टाकून भागत न्हाई बरं. पान मिटतं, पण ती हलत न्हाई हे त्याला कळतं, दुसऱ्या दिवशी परत उघडून बसतं. मिटल्यावर दोन बोटांत असं हलकं धरायचं आणि चोळत राहायचं, तीन नवकार मंत्र म्हणून होईस्तोवर. मग कडा घट्ट चिकटतात. बोटालाच कळतं ते —

काय?

मला कसं ठाऊक म्हणजे? सिद्धीनं सांगितलं. फोनवर.

न्हाई, नवकाराचं तिनं न्हाई सांगितलं. ती कशाला... बघ, असं बघू नको माझ्याकडं. हळू बोल. एकेका कुंडीत एकच पान हिरवं राह्यलं व्हतं, हर्षाली. एकच. रोज सकाळी माझ्याकडं बघायचं. काडेपेटी फेकणार व्हते मी, शपथ. हातात घेऊन उभीच राह्यले. एकच दिली म्हणायचं... तीन दिल्या. डेऱ्याच्या आत हात घालून, नवकार म्हणत, चोरावानी. आपल्याच घरात. आणि ते आले त्या दिवशी गाडीतनं उतरून आधी वर आले, काळा चष्मा कपाळावर सारून कुंडीत वाकून बघितलं. पानं मिटलेली. नवी टोकं फुटलेली. माझ्याकडं वळले — आणि त्यांनी तोंड उघडायच्या आत मी भांडायला सुरुवात केली. काडेपेटी फेकली अंगावर, खाली गिऱ्हाईक जमलं, काय काय बोलले मी! त्यांनी खाली पडलेल्या माश्या वेचल्या नुसत्या.

आठ दिवस झाले. एकदा तरी म्हणायचं, की बाई, तूही घातलीस. म्हणाले न्हाईत. म्हणजे त्यांना... बाई गं. त्यांना ठाऊक हाय.

ढेप फोडायचा आवाज कधी थांबला? तू ऐकलास?

जिन्यावर हायेत ते. तू जा. न्हाई, कुंड्या राहू दे. राहू दे म्हटलं ना! चपला हातात घे आणि मागल्या जिन्यानं जा.