आईनं कॉम्प्युटर खोलला

मुरबाड स्टँडवर शहापूरच्या गाडीची वाट बघत होतो. शेजारी बसलेल्या मुलीनं फोन स्पीकरवर टाकला होता. पलीकडे तिची आई होती.

“पौर्णिमा, कॉम्प्युटर नुसता बीप बीप करतोय गो. पडदा काळाच.”

“आतली मेमरी हलली असंल. वायर काढलीस?”

“काढली. झाकणपण खोललं.”

“एकटीनं?”

“मग? भाताची मळणी मशीन घरात कोण खोलतं? पण तुझ्या बाबांची गाणी पुसली तर नाय ना जाणार? ते गेल्यापासून त्यांचा आवाज तेवढाच उरलाय.”

“गाणी दुसऱ्या डबीत असतात, आई. त्यांना काय होत नाय. लांबट हिरवी पट्टी दिसते? तिच्या दोन्ही टोकांच्या खिट्ट्या दाब.”

“निघाली पट्टी.”

“आता सोनेरी कडेवर खोडरबर फिरव. हलक्या हातानं. मग होती तिथं बसव आणि टक वाजेस्तोवर दाब.”

“वाजलं. वायर लावू?”

“लाव आणि चालू कर.”

“लावली. बटण दाबलं.”

“आई? पडदा आला?”

“आला.”

“आणि गाणी?”

“हायत सगळी. एक लावलंय. आता जरा बोलू नको, ते गातायत.”